दीड वाजताची प्रत

५ ऑगस्ट २०२२ रोजी केंद्र सरकारने कंपन्यांच्या हिशेबांविषयीच्या २०१४च्या नियमांत दुरुस्ती केली. तोवर संगणकावर ठेवलेल्या हिशेबवह्यांचा बॅकअप ठरावीक काळाने भारतातल्या सर्व्हरवर ठेवला की भागत असे. आता तो दररोज ठेवायचा आहे. नियम करणाऱ्याचे काम तिथे संपले. दररोज म्हणजे कोणी आणि कितीला, हे राजपत्रात लिहायची पद्धत नाही. ते ठरते घाटकोपर पूर्वेला एखाद्या सीएच्या ऑफिसात, मरोळच्या गाळ्यात, मुलुंडच्या ट्रान्सपोर्टवाल्याच्या टेबलावर. आणि तिथेही ते माणसे ठरवत नाहीत, लोकल ठरवते. दिवसभर एंट्र्या मारणारा माणूस राहतो डोंबिवलीला किंवा नालासोपाऱ्याला. त्याच्या दिवसातली सगळी कामे उरकली की मग बॅकअप, असा क्रम वर्षानुवर्षे चालत आला आहे. शेवटच्या कामाचे नशीब असे की उशीर झाला की पहिली कात्री त्यालाच लागते. उशीर कधी होतो? महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१ भरताना, २० तारखेला थ्री-बी भरताना, सप्टेंबरअखेर टॅक्स ऑडिटच्या गर्दीत. म्हणजे ज्या दिवशी सगळ्यात जास्त नोंदी होतात, दुरुस्त्या होतात, जुळवाजुळव होते, नेमक्या त्याच दिवशी बॅकअप राहतो. वर्षातले तीनशे दिवस नेमाने केलेला बॅकअप त्या दोन-चार दिवशी चुकला, तर हिशेबाने तो नव्याण्णव टक्के झाला असे दिसेल. किमतीच्या हिशेबाने मात्र निम्मा गेलेला असू शकतो. याला आळस म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण हा आळस नाही. माणसाने शिल्लक वेळात करावे असे हे कामच नाही.

म्हणून ते यंत्राकडे द्यावे, इथवर कोणाचे दुमत नसते. माझे म्हणणे पुढचे आहे. द्यायचे तर ते अशा रीतीने द्यावे, की ज्याची माहिती आहे त्याला यंत्र काय करते आहे ते वाचता यावे. चकचकीत खिडक्यांचे आणि हिरव्या टिकमार्कचे सॉफ्टवेअर मिळते, वाईटही नसते. पण एका छोट्या ऑफिससाठी वीसेक ओळींची साधी शेल स्क्रिप्ट मला त्याहून भरवशाची वाटते, आणि त्याचे कारण तिचा फुकटपणा नव्हे. ती एका कागदावर मावते, हे तिचे खरे मोल. संगणकाला एरवी एकेक करून द्यायच्या आज्ञा ओळीने लिहून ठेवल्या की झाली स्क्रिप्ट. तिला वेळेवर उठवणारा क्रॉन हा पहारेकरी १९७९च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीपासून चाकरीत आहे. प्रती करणारे आरसिंक हे हत्यार ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी १९९६मध्ये बाहेर काढले. फायलीचा जेवढा भाग बदलला तेवढाच पाठवायचा, ही त्यातली युक्ती त्या काळच्या कूर्मगती लाइनींसाठी होती. दोन्ही जुनी, दोन्ही फुकट आणि दोन्ही तशी अरसिक. त्यांच्यात बिघडण्यासारखे फारसे उरलेले नाही. बिघडते ते आपण त्यांना काय सांगतो त्यात.

क्रॉनला वेळ सांगताना पाच घरे भरायची असतात: मिनिट, तास, तारीख, महिना, वार. जगभरातल्या नमुन्यांत इथे रात्रीचे दोन लिहिलेले आढळतात, कारण ते नमुने रात्रंदिवस जागणाऱ्या सर्व्हरवाल्यांनी लिहिले आहेत. आपल्याकडे साकीनाक्याच्या गाळ्यात शेवटचा माणूस शटर ओढण्याआधी मेन स्विच पाडतो. शॉर्टसर्किटने आग लागू नये म्हणून पाडतो, आणि बरोबरच करतो. मग रात्री दोनला क्रॉन जागा कुठून असणार? आणि साधा क्रॉन हुकलेली वेळ मागाहून भरून काढत नाही. त्याच्यासाठी ती वेळ होऊन गेली. हुकलेले काम यंत्र सुरू होताच करणारा अॅनाक्रॉन नावाचा त्याचा भाऊ आहे, पण सकाळी दहाला सगळे एकदम कामाला बसत असताना प्रत सुरू होणे हेही सुखाचे नाही. उपनगरातल्या ऑफिससाठी खरी वेळ दुपारी दीडची. डबे उघडलेले असतात, वीज असते, माणसे जागेवर नसतात. क्रॉनच्या भाषेत ‘३० १३ * * १-६’ (आकडे अर्थात इंग्रजी कळफलकावरचे): तेरा वाजून तीस मिनिटांनी, सोमवार ते शनिवार. एक अट पाळायची: जेवायला उठताना टॅलीतली कंपनी बंद करून उठायचे, कारण उघड्या, लिहिल्या जात असलेल्या फायलीची प्रत अर्धवट निघू शकते. जेवणानंतरच्या नोंदी दुसऱ्या दिवशीच्या प्रतीत येतील. म्हणजे अगदी वाईटात वाईट झाले तर एका कामाच्या दिवसाची एंट्री पुन्हा मारावी लागेल. हा सौदा डोळे उघडे ठेवून केलेला आहे, आणि रात्री दोनच्या न होणाऱ्या प्रतीपेक्षा कितीतरी बरा आहे.

आता स्क्रिप्टच्या पोटात थोडे डोकावू. समजा, कोपऱ्यात जुन्या डब्यावर लिनक्स घातलेला आहे, सगळ्यांची फोल्डरे त्याच्यावर आहेत आणि त्याला बाहेरून एक डिस्क जोडलेली आहे. भोळसट स्क्रिप्ट एका ओळीची असते: इथले उचल, त्या डिस्कवर ठेव. ती वर्षभर छान चालते. मग कोणी तरी झाडू मारताना केबल निसटते. लिनक्समध्ये बाहेरची डिस्क एका रिकाम्या फोल्डराच्या जागी येऊन बसते. डिस्क निसटली तरी ते फोल्डर तिथेच राहते. स्क्रिप्टला फरक कळत नाही. ती सगळी प्रत इमानेइतबारे त्या रिकाम्या फोल्डरात, म्हणजे मूळ डिस्कवरच, ठेवते आणि काम फत्ते झाल्याचे सांगते. म्हणून स्क्रिप्टची पहिली ओळ प्रत करणारी नसावी, विचारणारी असावी: डिस्क खरोखर बसलेली आहे का? नसेल तर तिथेच थांब. त्यानंतर आजच्या तारखेचे फोल्डर, पण नावापुढे ‘अपूर्ण’ अशी शेपटी लावून. प्रत पुरी झाली, आरसिंकने शून्य हा परतीचा आकडा दिला, की मगच ती शेपटी छाटायची. कालच्या फोल्डरात जी फाइल जशीच्या तशी आहे तिची नवी प्रत न करता त्याच फाइलला दुसरे नाव जोडायची सोय आरसिंकमध्ये आहे. त्यामुळे तीस दिवसांची तीस पूर्ण फोल्डरे दिसतात, जागा मात्र बदललेल्या फायलींचीच लागते. एक व्यवहारी सूचना इथेच देऊन ठेवतो. लॅमिंग्टन रोडवरून आणलेली नवी डिस्क बहुधा एक्सफॅट पद्धतीने आखलेली असते आणि त्या पद्धतीत एका फाइलला दोन नावे देता येत नाहीत. ती लिनक्सच्या पद्धतीने पुन्हा आखून घेतली नाही, तर रोज सगळा पसारा नव्याने उतरतो आणि डिस्क लवकरच भरते.

‘एवढा खटाटोप कशाला, आमचे सगळे ड्राइव्हवर आपोआप जाते की’, हा आक्षेप हमखास येतो. आपोआप जाते हे खरे, पण काय जाते? जे आत्ता आहे ते जाते. इथे फाइल पुसली की तिथेही पुसली जाते, इथे बिघडली की तिथेही बिघडलेलीच पोचते. जुन्या आवृत्त्या काही दिवस राहतात, पण किती दिवस हे पुरवणारा ठरवतो. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या नावाच्या घातक प्रोग्रॅमने मेर्स्क या जहाज कंपनीचे जाळे आडवे केले, आणि मेर्स्क समूहाकडे असलेले न्हावाशेव्याचे टर्मिनलही त्याच्या तडाख्यात सापडले. कंटेनरांचा खोळंबा आपल्या दारात झाला. त्या कंपनीत कोणाला कुठे प्रवेश द्यायचा हे सांभाळणारे दीडशेच्या आसपास सर्व्हर होते आणि ते सतत एकमेकांच्या प्रती ठेवत. दीडशे प्रती! त्या सगळ्या एकाच वेळी गेल्या, कारण त्या एकमेकांना जोडलेल्या होत्या. वाचला तो फक्त घानामधला एक, कारण हल्ल्याच्या वेळी तिथे वीज गेली होती. त्या एका प्रतीवरून कंपनी पुन्हा उभी राहिली. दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने घालावे लागले, असे मेर्स्कच्या अध्यक्षांनी पुढे दाव्होसला सांगितले. प्रतींची संख्या तारत नाही, वेगळेपण तारते. हे आपल्याकडे संगणकाच्या कितीतरी आधी ठाऊक होते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला तो अनेक पोथ्या ताडून. तीनशे वर्षे नकला होत आल्या होत्या आणि प्रत्येक नकलेत आधीच्या नकलाकाराची चूक उतरत होती. समजा नवी पोथी झाली की जुनी नष्ट करायची रीत असती, तर नाथांच्या हाती ताडायला काय उरले असते? तारखेवार फोल्डरे ठेवायची ती याचसाठी. तीन आठवड्यांपूर्वी कोणी तरी खातेच चुकीचे पुसले हे आज लक्षात आले, तर कालची प्रत कुचकामी असते. हवी असते ती चार आठवड्यांपूर्वीची.

वेगळेपणाला भूगोलही आहे आणि तो मुंबईच्या उपनगरांनी अंगावर घेतलेला आहे. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या कुलाब्याला जेमतेम ७३. एकच शहर, एकच दिवस. ऑफिस कलिन्याला आणि दुसरी डिस्क मालकाच्या कुर्ल्यातल्या तळमजल्यावरच्या घरी, असा बंदोबस्त असलेल्यांच्या दोन्ही प्रती तेव्हा एकाच मिठीच्या पाण्याच्या वाटेत होत्या. कंपनी कायद्याचा नियम प्रोप्रायटरला लागू नाही, असे सांगून पुष्कळ जण मोकळे होतात. पाणी शिरताना नोंदणीचे प्रमाणपत्र बघत नाही. म्हणून डिस्का दोन हव्यात, आणि त्यातली एक आठवड्याला अदलाबदल करून ऑफिसपासून लांब गेली पाहिजे. सायंकाळच्या लोकलचे भय मी सुरुवातीला सांगितले. तीच लोकल इथे उपयोगी पडते. बोरिवलीच्या डीटीपीवाल्याची डिस्क शनिवारी कोणाच्या तरी पिशवीतून पनवेलला किंवा बदलापूरला जावी, यासारखा स्वस्त आणि जाळ्याला न जोडलेला उपाय नाही. डिस्कला पासवर्डाने कुलूप मात्र हवे, कारण पिशवी हरवू शकते. हे काम स्क्रिप्ट करू शकत नाही, ते माणसानेच करायचे. पण रोजचे नाही, आठवड्याचे. आणि पिशवीत डिस्क आहे की नाही हे हाताला कळते.

सगळ्यात टोकदार आक्षेप वेगळाच आहे, आणि तो स्क्रिप्टवर नाही, माझ्या म्हणण्यावर येतो. डिसेंबर २०२१ मध्ये क्योटो विद्यापीठाच्या महासंगणकावरचा सुमारे ७७ टेराबाइट मजकूर, ३ कोटी ४० लाखांच्या आसपास फायली, पुसला गेला, आणि पुसणारी होती बॅकअपचीच स्क्रिप्ट. दहा दिवसांपेक्षा जुन्या नोंदवह्या काढून टाकायची एक आज्ञा तिच्यात होती. संगणक पुरवणाऱ्या कंपनीने स्क्रिप्ट सुधारून ठेवली, पण जुनी चालू असतानाच तिच्यावर नवी ठेवली. शेल स्क्रिप्ट अख्खी आधी वाचून घेत नाही, चालता चालता पुढचे वाचते. त्यामुळे अर्धी जुनी, अर्धी नवी अशी सरमिसळ झाली, कोणत्या फोल्डरातले पुसायचे ते नाव रिकामे राहिले आणि पुसण्याची आज्ञा भलत्याच ठिकाणी धावली. यातला बोचरा भाग असा की ती सुधारणा स्क्रिप्ट वाचायला सोपी व्हावी म्हणूनच केलेली होती. वाचनीयतेचे गुणगान करणाऱ्याला यापेक्षा मोठी चपराक कोणती? तरीही मी मागे हटत नाही, कारण तिथे वाचनीयतेने घात केला नाही. एका हाताला दोन कामे दिली होती त्याने केला. प्रत करणे आणि पुसणे ही एका स्क्रिप्टची कामे नव्हेत. तारखेवार फोल्डरांच्या पद्धतीत रोज नवे फोल्डर होते, स्क्रिप्टला काही पुसायची गरजच पडत नाही. तीस दिवसांपूर्वीची फोल्डरे महिन्यातून एकदा माणसाने डोळ्यांनी बघून काढावीत. आणि स्क्रिप्ट बदलायची तर वेगळ्या नावाने लिहून, ती झोपलेली असताना, जुनीच्या जागी आणावी. वीस ओळींच्या स्क्रिप्टमध्ये ‘पुस’ ही आज्ञा कुठेच नाही, हे कोणालाही तपासता येते. हिरव्या टिकमार्कच्या मागे ती आहे की नाही, हे तपासता येत नाही.

आमच्याकडे विंडोज आहे, आम्हाला हे कसले शेल, असे कोणी म्हटले तर उत्तर थोडक्यात देता येते. विंडोजमध्ये टास्क शेड्युलर आहे, हुकलेले काम नंतर करण्याची खूण त्याच्यात आहे, आणि प्रती करणारी रोबोकॉपी आहे. फक्त दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. रोबोकॉपीच्या आरसा करण्याच्या पर्यायात मूळ जागी नसलेले दुसरीकडून पुसले जाते, म्हणून तो टाळावा. आणि ती यशस्वी झाल्यावरही शून्याऐवजी एक हा आकडा परत देते, कारण एक म्हणजे ‘काही फायली उतरवल्या’. अपयश आठपासून पुढे. हे माहीत नसलेला एएमसीचा, म्हणजे वार्षिक देखभालीच्या कराराचा, मुलगा एकतर रोज खोटी ओरड लावून ठेवतो, नाहीतर कंटाळून ओरडच बंद करतो.

ओरडीचा मुद्दा आलाच आहे तर तो सोडून चालणार नाही, कारण यंत्राकडे काम दिले की माणसाचे काम संपत नाही, बदलते. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीतल्या एका अभियंत्याने चुकून चालू डेटाबेसच पुसला. बॅकअपचे मार्ग बरेच होते, वेळेला एकही नीट उपयोगी पडेना. रोजचा बॅकअप काढणारा प्रोग्रॅम डेटाबेसपेक्षा जुन्या आवृत्तीचा असल्याने दरवेळी अपयशी होत होता. तसे कळवणाऱ्या ईमेल निघतही होत्या. पण त्यांवर आवश्यक ती सही नसल्याने टपाल घेणारा सर्व्हर त्या नाकारत होता. शेवटी कामाला आली ती सहा तासांपूर्वी कोणी तरी दुसऱ्याच कारणासाठी हाताने काढलेली प्रत. क्रॉनचीही तीच सवय: काही बिघडले तर तो स्वतःच्याच संगणकातल्या एका टपालपेटीत चिठ्ठी टाकतो, आणि ती पेटी जन्मात कोणी उघडलेली नसते. म्हणून स्क्रिप्टने बिघाड झाल्यावर ओरडावे यापेक्षा काम झाल्यावर रोज तारीख टाकावी, हे बरे. सगळ्यांना दिसेल अशा फाइलीत एक ओळ, आजची तारीख आणि फायलींचा आकडा. जेवून आल्यावर ती ओळ दिसली नाही, म्हणजे काही तरी चुकले. गप्प बसलेल्या यंत्रावर विश्वास ठेवायचा नाही, एवढी एकच सवय माणसाला लावायची आहे आणि ती रोज बॅकअप घेण्याच्या सवयीपेक्षा खूप हलकी आहे.

आणि तारीख पडली तरी प्रत उघडते का? याला उघडून पाहण्याखेरीज दुसरा पुरावा नाही. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी वांद्रे-कुर्ला संकुलातल्या राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सकाळी ११.४० वाजता थांबले आणि दुपारी पावणेचारला पुन्हा सुरू झाले. चेन्नईत बाजाराचे पर्यायी केंद्र होते, पण व्यवहार तिथे नेलेच नाहीत. का नेले नाहीत, हे सेबीने विचारले. पैसा, माणसे, नियम, काहीच कमी नव्हते. कमी होते ते प्रतीवर पाय ठेवायचे धैर्य, आणि ते सरावाखेरीज येत नाही. पुढे २ मार्च २०२४ला, शनिवारी, मुंबईच्या दोन्ही बाजारांनी मुद्दाम खास सत्र ठेवून खरे व्यवहार पर्यायी केंद्रावरून चालवून पाहिले. गाळ्यातल्या ऑफिसला एवढे सोपस्कार नकोत. महिन्यातल्या एका शनिवारी, दुसऱ्या संगणकावर, डिस्कवरच्या पंधरा दिवसांपूर्वीच्या फोल्डरातून एक कंपनी टॅलीत उघडायची आणि एका पक्षकाराची बाकी त्या दिवशीच्या छापील कागदाशी ताडायची. जुळली तर बॅकअप आहे, नाही जुळली तर नुसती डिस्क आहे. हे मालकाने करावे, कॉम्प्युटरवाल्याने नाही. तो पुढच्या वर्षी एएमसीवर असेलच असे नाही, आणि स्क्रिप्ट फक्त त्याच्याच डोक्यात असेल तर त्याच्याबरोबर तीही जाईल. तेव्हा ती वीस ओळींची फाइल छापून घ्या, प्रत्येक ओळीसमोर मराठीत तिचे काम लिहा, आणि तो कागद मेन स्विचच्या पेटीच्या दाराला आतून चिकटवा. डिस्कचा पासवर्ड मात्र त्यावर लिहू नका. तो घरी, बँकेच्या कागदांत ठेवा.